पेटीची चावी गोलकीपरकडे

मी एक जुने पितळी कुलूप आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. राग मानू नका. जगातली सगळी माणसे सरळ असती तर मला कोणी घडवलेच नसते.

एका अरुंद कारखान्यात माझा जन्म झाला. चष्म्याला दोरी बांधलेल्या एका कारागिराने माझ्या पोटात पाच पट्ट्या बसवल्या, दांडी घासून गुळगुळीत केली आणि मला कानाशी धरून ती खाली दाबली. मी ‘खट्’ म्हणालो. “आवाज झकास आहे याचा,” तो शेजारच्याला म्हणाला. ते माझे पहिले कौतुक. तेव्हापासून मला माझ्या आवाजाचा जरा गर्वच झाला, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या गर्वापायीच झाला.

चार वर्षे मी एका औषधांच्या गोदामाला होतो. गोदाम बंद पडले तेव्हा सामानवाल्या काकांनी मला उचलले. काका एका फुटबॉल संघाचे सामान सांभाळत. बूट, मोजे, चेंडू, दुखण्यावरची मलमे, सगळे त्यांच्या ताब्यात. त्यांनी मला कपडे बदलायच्या खोलीतल्या लोखंडी पेटीला लावले. सामन्याआधी खेळाडू आपली घड्याळे, अंगठ्या, पाकिटे आणि फोन त्या पेटीत ठेवत आणि मगच मैदानात उतरत.

या संघाची एक रीत होती. पेटीची चावी कायम गोलकीपरकडे. पूर्वी म्हणे ती पुढे खेळणाऱ्या एकाच्या मोज्यात असायची. एकदा गोल केल्याच्या आनंदात तो कोलांट्या मारत सुटला आणि चावी गवतात पडली. सामना जिंकलेला संघ दिवस मावळेपर्यंत गुडघ्यांवर रांगत चावी शोधत होता. तेव्हापासून ठरले, जो सगळ्यात कमी पळतो त्याच्याकडे चावी. गोलकीपर ती जाळीमागच्या हुकाला अडकवून ठेवी. हळूहळू त्या चावीला मान आला. ती ज्याच्या हाती, तो संघाचा घरचा माणूस.

माझ्या काळात नऊ वर्षे ती एकाच गोलकीपरकडे होती. वय अडतीस, पण सगळे त्यांना ‘आजोबा’ म्हणत. त्यांच्या पहिल्याच वर्षी एका प्रवासात मी पेटीसकट बसच्या टपावरून खाली आपटलो आणि माझी आतली एक पट्टी वाकली. त्यानंतर पहिल्यांदा दाबले की मी ऐटीत ‘खट्’ म्हणे, पण लागत नसे. पुन्हा एकदा जोरात दाबले की मगच लागे. आजोबांच्या हे लगेच लक्षात आले. ते दोनदा दाबत, एकदा ओढून बघत आणि निघत. कोणाला बोलले मात्र नाहीत. मीही गप्प राहिलो. आपले व्यंग आपल्या तोंडाने कोण सांगणार?

मग आजोबांचा गुडघा गेला. त्यांच्या जागी आलेल्याने तीन सामन्यांत अकरा गोल खाल्ले आणि आजारपणाचे निमित्त काढून पोबारा केला. संघ तळाला गेला. खालच्या गटात घसरला असता तर तो मोडीतच निघाला असता, हे सगळ्यांना ठाऊक होते.

एका दुपारी कोच सरांनी सगळ्यांना त्याच खोलीत बसवले. “गोलकीपर मिळालाय,” ते म्हणाले, “फार चांगला आहे. पण एक गोष्ट आधीच सांगतो. तीन वर्षं तुरुंगात होता. भरदिवसा बंद घरांची कुलपं काढायचा. चार घरं फोडली त्यानं.”

पेटीवर लटकल्या लटकल्या माझ्या अंगावर काटा आला. कुलपे काढणारा माणूस, आणि पेटीची चावी त्याच्याकडे! माझे मत कोणी विचारले असते तर मी एका शब्दात नाही म्हटले असते.

कप्तानही उठलाच. “सर, माझ्या मावशीचं घर फुटलं होतं. यानं नाही, दुसऱ्या कोणीतरी. कपाटातले सगळे कपडे चोरानं उचकटले होते. तिनं ते तीन-तीनदा धुतले, तरी घालवेनात, शेवटी देऊन टाकले. आजही ती दाराबाहेर पडली की चारदा मागं येऊन बघते.”

“त्याची शिक्षा भोगून झालीय रे,” सर म्हणाले.

“त्याची झाली असेल. मावशी अजून भोगतेय.”

शेवटी सामानवाले काका म्हणाले, “एकदा बोलावून तर बघा. तोंड बघितल्याशिवाय काय कळणार?”

दुसऱ्या दिवशी तो आला. उंच, खांदे जरा पुढे झुकलेले, बोटे लांबसडक. मी त्या बोटांकडेच बघत होतो. कप्तानाने आडपडदा ठेवला नाही. “का करायचास?” त्याने विचारले.

“सोपं जायचं म्हणून. हातात कसब होतं आणि लाज नव्हती.”

“आणि आता?”

“कसब अजून आहे.”

कोणीतरी फस्सकन हसले. कप्तान हसला नाही. तेवढ्यात त्या माणसाची नजर माझ्यावर पडली. तो वाकला, मला तळहातावर घेतले, एकदा दाबले. मी ‘खट्’ म्हणालो. त्याने एका बोटाने मला खाली ओढले आणि मी उघडलो. “हे कुलूप नीट लागत नाही,” तो म्हणाला, “बदला हे.”

मित्रांनो, त्याने खरे तेच सांगितले होते. पण खोलीतले चेहरे बघण्यासारखे झाले. आल्या आल्या याचा हात कुलपावर! एकाने तर आपल्या बोटातली अंगठी मुठीत लपवली. कुलूप खराब आहे की नाही, हे बघायला एकजणही उठला नाही. सगळे त्याच्या हातांकडेच बघत राहिले. आणि मी? माझे बिंग फुटता फुटता राहिले म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला.

अखेर त्याला घेतले, पण एका अटीवर. चावी त्याच्याकडे द्यायची नाही. कुलूप कप्तान लावणार आणि चावी काकांच्या खिशात राहणार. त्याने मान हलवली. त्याचे नाव पडले ‘नवा’.

नवा गोलात उभा राहिला आणि संघाचे दिवस पालटले. पाच सामन्यांत दोनच गोल. मैदानात सगळे त्याच्या पाठीवर थाप मारत. खोलीत मात्र आधी सगळे आपापल्या वस्तू पेटीत ठेवून घेत, मग त्याला आत बोलावत. तोवर तो बाहेरच्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधी. चुकूनही माझ्याकडे बघत नसे. मला त्याचाच संशय येई. बघितले असते तर त्याचाही आला असता.

आणि एक दिवस व्हायचे ते झाले. मोठा सामना होता. आवारात पाहुणे, फोटो काढणारे, ओळखीचे-अनोळखी, नुसती वर्दळ. कप्तानाने घाईघाईत मला एकदा दाबले. मी नेहमीच्या तोऱ्यात ‘खट्’ म्हणालो आणि तो पळाला. मध्यंतरात नवा फाटलेला हातमोजा बदलायला एकटाच आत आला. फळीवरून मोजा घेतला आणि निघून गेला. माझ्या वाटेलाही तो गेला नाही. सामना पुन्हा सुरू झाल्यावर मात्र दुसरीच बोटे आली. आखूड, मऊ, अत्तराचा वास येणारी. त्यांनी मला सहज ओढून पाहिले. मी उघडलो. ती बोटे कोणाची होती, ते मला आजतागायत कळलेले नाही. पण नव्याची नव्हती, एवढे मी छातीठोकपणे सांगतो. सांगतो म्हणजे, तुम्हाला सांगतो. तेव्हा सांगायला मला तोंड कुठे होते?

गेले ते नेमके कप्तानाचे घड्याळ. मावशीच्या यजमानांचे. घर फुटले तेव्हा ते कप्तानाच्या मनगटावर होते म्हणून वाचले होते. वारलेल्या यजमानांची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू उरली होती.

“मध्यंतरात आत कोण आलं होतं?” कप्तानाने विचारले. उत्तराची कोणाला गरज नव्हती. सगळे नव्याकडे वळलेच होते.

नव्याने आपली पिशवी बाकावर उलटी केली. दोन टॉवेल, एक साबण, एक कंगवा. मग तो कप्तानाला म्हणाला, “आज लावलंत तसंच कुलूप आत्ता लावा.” कप्तानाने मला दाबले. खट्. नव्याने एक बोट लावले आणि मी उघडलो. “पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी.”

“म्हणजे तुला माहीत होतं!” कप्तान ओरडला. “ते उघडतं, हे फक्त तुलाच माहीत होतं!”

खरे सांगितले तेच त्याच्या गळ्याशी आले. तो खाली बसला आणि आपल्या दोन-चार वस्तू पिशवीत भरू लागला. कोच सर जमिनीकडे बघत म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस, असं मी म्हणत नाही. पण...”

“मलाही माहीत होतं,” दारातून आवाज आला. आजोबा होते. काठी टेकत सामना बघायला आले होते. “त्या कुलपाला दोनदा दाबावं लागतं. नऊ वर्षं मला माहीत होतं. चावी जाळीला टांगलेली, आणि कुलूप चावीशिवाय उघडणारं. मग नऊ वर्षांत काही हरवलं नाही का रे तुमचं?”

“हरवलं होतं,” काका हळूच म्हणाले. “दोन अंगठ्या, एक पाकीट.”

“तेव्हा मला का नाही धरलंत?”

मित्रांनो, एकेकाची नजर आपापल्या बुटांकडे गेली. खाली मान घालणाऱ्यांत मीही होतो. माणसे निदान चुकली होती. मी तर जाणूनबुजून खोटे बोललो होतो. रोज ‘खट्’ म्हणून.

मग कप्तानाने काकांकडून चावी घेतली आणि नव्यापुढे धरली. नव्याने हात पुढे केला नाही. “चावी नको,” तो म्हणाला, “कुलूप बदला.” कप्तानाने मला पेटीवरून काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले. संघाने नवे कुलूप आणले. त्याची चावी जाळीमागच्या हुकाला लागायला मात्र आणखी चार सामने जावे लागले. तोवर नवा पायरीवरच बसत होता. घड्याळ कधीच सापडले नाही.

डब्यातून मला नव्याने उचलले. पायरीवर बसून त्याने मला उघडले, वाकलेली पट्टी काढून सरळ केली, कानस मारली, तेल दिले. ज्या बोटांची मला धास्ती होती, त्या बोटांनी मला दुरुस्त केले. मग कप्तानाच्या हातात देऊन म्हणाला, “मावशींना द्या. मी बनवलंय, तेही सांगा. लपवू नका.”

कप्तानाने लपवले नाही. मावशीने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि दोन दिवस टेबलावर तसेच ठेवले. तिसऱ्या दिवशी दाराला लावले. पण माझ्या वरच्या कडीला दुसरे, दुकानातून आणलेले कुलूपही लावले. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर तिसरेही लावले असते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने कुलूप असेल तर त्याला अधूनमधून तेल द्या. लावल्यावर एकदा ओढून बघा, नुसत्या आवाजावर जाऊ नका. आणि त्यात काही खोट आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याचे हात बघण्याआधी कुलूप बघा.

गेल्या रविवारी हंगामाचा शेवटचा सामना होता. मावशी पहिल्यांदाच बघायला निघाली. तिने मला लावले. मग वरचे कुलूप उचलले, जरा वेळ हातात धरले, आणि माझे दार पुन्हा उघडून ते आत टेबलावर ठेवून आली. मला दाबले. खट्. चार पावले गेली, मागे आली आणि मला जोरात ओढून पाहिले.

मी सुटलो नाही.