सासरच्या गोठ्यातलं खत

मान्तुसीनं जन्मात कधी खत मोजून घातलं नव्हतं. खत म्हणजे मूठ. बुडाशी मूठ, वरून पाणी, संपलं. त्यामुळे लुसिकिसिकीच्या बाजारातल्या दुकानातून आणलेले पांढरे दाणेही तिनं मुठीनंच घातले. गांजाची पाच रोपं, पाच मुठी, शिवाय लाडानं एकेक चिमूट. पिशवीवर चमच्याचं चित्र होतं आणि ते तिला दिसलंही होतं. पण शहरातले लोक सगळंच चमच्यानं करतात, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

चौथ्या दिवशी पानांची टोकं करपली. जणू रात्रीतून कुणी पानोपानी पेटती काडी टेकवून गेलं होतं.

घरामागच्या झाडांकडे हल्ली पोलीसही ढुंकून बघत नाहीत. गेली तर गेली, दुसरी लावू, असं कुणीही म्हटलं असतं. पण हे बी मझायिफानीचं होतं, तिच्या मेलेल्या नवऱ्याचं. त्याच्या आजोबांपासून दरीत राखलेलं. शेवटचे सहा दाणे उरले होते, त्यातले पाच उगवले. यांना बी धरलं नाही, तर त्याचं या जमिनीत काहीच उगवणार नव्हतं. मुलगा होता, बोनाकेले, पण तो रुस्टेनबर्गच्या खाणीत. महिन्यातून एकदा फोन करायचा आणि घाईत असायचा.

खरं खत कुठं आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दारापासून वीस पावलांवर दगडी गोठा होता. मझायिफानी गेल्यापासून तिथं गुरं नव्हती, पण गुडघाभर शेण कुजून काळंभोर झालं होतं. तो होता तेव्हा बादली भरून फाटकावरून तिच्या हातात द्यायचा. सुनेनं सासरच्या गोठ्यात पाय टाकायचा नसतो. चाळीस वर्षं तिनं टाकला नव्हता. म्हाताऱ्या सुनेला चालतं म्हणा, पण घरच्या कुणीतरी आधी 'ये' म्हणावं लागतं, आणि तसं म्हणणारं घरात उरलं नव्हतं. कोंबड्या खुशाल आत हिंडायच्या. त्यांचं कुठं सासर होतं ते.

राहिली नणंद, नोसाखेले. ती घरची लेक, तिला गोठा मोकळा. पण अंत्यविधीच्या दिवशी ती चारचौघांत म्हणाली होती, "माझा भाऊ एकटा मेला. ही कुठं होती?" मान्तुसी दवाखान्याच्या रांगेत होती, त्याच्याच गोळ्यांसाठी. ते तिनं तेव्हा सांगितलं नाही. त्याला तीन वर्षं झाली.

तरी ती ओढा ओलांडून गेली. नोसाखेले दारात पाइप ओढत बसली होती.

"कोण मेलं?" तिनं वर न बघता विचारलं.

"कुणी नाही, वन्सं. झाडं मरतायत."

"मग पाणी घाल."

"तुमच्या भावाचं बी आहे. शेवटचं."

पाइप तोंडातून खाली आला. "काय घातलंस त्यांना?"

"दुकानातलं पांढरं."

"किती?"

मान्तुसीनं मूठ दाखवली.

"वहिनी, रोपं होती की रेडे?"

पण ती उठली. दुपारभर दोघींनी ओढ्याचं पाणी वाहिलं आणि बादल्यांवर बादल्या ओतून मातीतलं पांढरं धुऊन काढलं. मग नोसाखेले गोठ्यात शिरली, वरचा पोपडा सारून खालचं भुसभुशीत खत उकरलं आणि फाटकावरून एक बादली दिली. दुसरी भरता भरता ती दगडावर टेकली.

"गुडघे गेले माझे. तू ये."

"मी?"

"नाहीतर काय कोंबड्या भरतील? मी या घरची लेक सांगतेय, ये. तुला अडवायला आता राहिलंय कोण?"

मान्तुसी आत गेली. चाळीस वर्षं वाटत होतं, आत काहीतरी असेल. दगड होते आणि वर आभाळ. तिनं सहज मान वळवली, तर समोर थेट तिची चूल दिसली. रोज पहाटे ती जिथं बसून फुंकर घालायची, तीच जागा. आणि रोज पहाटे इथं रेंगाळणारा मझायिफानी तर म्हणायचा, गुरं मोजायला वेळ लागतो.

ती बादली भरत राहिली.  उन्हं कलताना नोसाखेले ओढ्यापलीकडे निघून गेली, आणि पुन्हा आली नाही.

तीन झाडं गेली. एक नर आणि एक मादी तेवढी तगली, आणि एप्रिलात फुलांमध्ये टपोरं बी भरलं. तिनं स्वतःहून रुस्टेनबर्गला फोन लावला.

"तुझ्या बापाचं बी राहिलं बघ."

"कसलं बी, आई?" मागं यंत्रं घरघरत होती. "मोठ्यानं बोल."

"काही नाही. जेवलास का?"

त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही. तिनं फोन ठेवला, बादली उचलली आणि गोठ्याचं फाटक उघडून आत गेली. वाफ्यांना आता खत नको होतं. ती चुलीकडे तोंड करून तिथंच उभी राहिली.