माझ्या पाठीमागची भिंत

मी एक कपाट बोलतोय. माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका, कारण गेली चार वर्षं मी लपवाछपवीच्या धंद्यात आहे. पण ऐकून तर घ्या.

जन्म माझा चांगल्या घरचा. एका सुताराने लेकीच्या संसारासाठी मला जड लाकडातून घडवलं. सत्तावीस वर्षं मी तिचे कपडे, औषधं, मुलांच्या मार्कशीटा सांभाळल्या. मग तिच्या नव्या घरात भिंतीतली कपाटं आली आणि मी अडगळ झालो.

मला उचललं ते घरं विकून देणाऱ्या एका एजंटने. त्याने माझी दारं उघडूनसुद्धा पाहिली नाहीत. टेप लावून नुसती उंची-रुंदी मोजली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पहिल्याच फ्लॅटमध्ये त्याने मला ओल धरलेल्या भिंतीला चिकटवून उभं केलं. घर बघायला येणारी माणसं नळ सोडून बघतात, खिडकीतून वाकतात, माझ्या आतही डोकावतात. मला हलवून मात्र कुणी बघत नाही. एका जोडप्याने तो फ्लॅट घेतला आणि व्यवहार होताच एजंटने मला तिथून हलवलं. जिना उतरताना बाईंचा आवाज कानावर आला, “अहो, ही भिंत बघितलीत का?” त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

मग हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. इथे आली एक निवृत्त नर्स, धाकट्या भावाला घेऊन. आयुष्यभराची पुंजी घालून घर घ्यायचं आणि येईल त्या भाड्यावर म्हातारपण काढायचं, असा तिचा बेत.

“ताई, घर झकास आहे, भाडेकरू तयार आहे. आता काय बघायचं राहिलं?” भाऊ वैतागला होता.

ती बधली नाही. कराच्या पावत्या कुठे आहेत, घरावर कर्ज आहे का, आधीचा भाडेकरू का गेला, एकेक विचारत होती. एजंटचं प्रत्येकाला एकच उत्तर, “उद्या देतो ना, मॅडम.”

मग तिची नजर माझ्यावर आली. “सगळं घर रिकामं, मग हे एकटं कपाट कसं?”

“जुन्या मालकांचं आहे. जड आहे हो, चार माणसं लागतात. आणि संध्याकाळी दुसरी पार्टी टोकन देतेय, बघा बुवा.”

धादांत खोटं! त्या मालकांनी मला कधी पाहिलंही नव्हतं.

ती तडक खाली गेली. एजंट रुमालाने मान पुसत राहिला. दहा मिनिटांनी ती परत आली.

“खालच्या बाई म्हणतात, त्यांच्या ह्याच भिंतीला गेल्या वर्षी तडा गेलाय. सोसायटीला तीन पत्रं दिलीत त्यांनी. कपाट सरकवा.”

“अहो मॅडम, उगाच कशाला...”

“पेशंट काही दुखत नाही म्हणाला, तरी मी चादर वर करून बघायचे. धर रे त्या बाजूने.”

भावाने खांदा लावला. फरशीवर कर्रकन आवाज झाला आणि मी हातभर सरकलो. तडा छतापासून पार खालपर्यंत उतरला होता. तिचं अर्धं बोट आत गेलं.

भावाने स्वतःही बोट घालून पाहिलं. “ताई, मी तर सकाळीच टोकन देणार होतो. तुला न विचारता.”

“ठाऊक होतं. म्हणून तर तुझं चेकबुक कालच माझ्या पर्समध्ये टाकलं,” ती म्हणाली. मग दोघं गेली.

मला वाटलं, सुटलो. पण दुपारीच दोन हमाल आले आणि मला पुन्हा जागेवर लावून गेले. तडा वाढतोच आहे. गिलाव्याची भुकटी माझ्या पाठीवर झरत असते. या वेळी एजंटने माझे चारही पाय स्क्रूने फरशीला आवळून टाकलेत.

उद्या कदाचित तुम्हीच हे घर बघायला याल. मला बोलता येणार नाही आणि आता हलताही येणार नाही. तेव्हा तुम्हीच जरा खाली वाका. रिकाम्या घरातल्या कपाटाचे पाय जमिनीला कशाला आवळलेत, एवढंच एजंटला विचारा. आणि तो काय सांगतो ते राहू द्या, सांगताना कुठे बघतो ते बघा.