भुईचाफ्याचं नाव

चैत्राची दुपार कलंडली. ताम्रवर्ण, तप्त, तृषार्त माती अंगणभर पसरली होती. त्याच भेगाळल्या भुईतून परवाच्या पहाटे एक भुईचाफा वर आला होता. शुभ्र अंगाचा, जांभळ्या ओठांचा, ओलसर श्वासाचा.

साठी उलटलेल्या वत्सलाबाईंनी अंगणात पालथं पडून, हनुवटी मातीला टेकवून तेव्हाच त्याचा फोटो काढला होता. गावच्या वाचनालयातल्या प्रदर्शनात तो लागणार होता. प्रदर्शनात लागणारा आयुष्यातला पहिलाच. आता फक्त नाव हवं होतं, दिवेलागणीच्या आत.

आणि ओटीवरच्या झोपाळ्यावरून नावांचा नुसता वर्षाव चालला होता.

"धरित्रीस्मित!" जनार्दनमास्तर म्हणाले. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेला माणूस. "नको? मग मृण्मयमंजिरी. वसुधाविलासिनी!"

"अहो, फुलाला नाव हवंय, संगीत नाटकातल्या नायिकेला नव्हे!"

झोपाळा करकरत राहिला. नावं येत राहिली. अलंकारमंडित, समासबद्ध, घंटेसारखी घणघणणारी. प्रत्येक नावाखाली ते कोवळं फूल दबत, दडपत, दिसेनासं होत चाललं. वत्सलाबाईंच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली.

"श्वेतांबरा..."

"पुरे! एकदा बघा तरी ते फूल!"

झोपाळा थांबला.

काचबिंदूने मास्तरांची नजर नेली, त्यानंतरच बाईंनी कॅमेरा हाती धरला होता. त्यांचा एकही फोटो मास्तरांनी पाहिला नव्हता.

"मग तूच दाखव," मास्तर हळूच म्हणाले. "सांगून."

डोळे भरून आले, तरी वैताग उतरेना. बाई फणकाऱ्यानेच सांगू लागल्या.

"पान नाही, देठ नाही. थेट मातीतून फूल. पाकळीवर ढेकळाचा चुरा तसाच. गड्डा कधी लावला तेसुद्धा आठवत नाही. पाणी घातलं नाही, वाट पाहिली नाही. न बोलावता आलंय, झालं!"

मास्तर झोपाळ्यावर पुढे सरकले.

"हेच की गं नाव. न बोलावता."

बाई चरफडल्या. "अख्खी दुपार खाल्लीत माझी! हे आधी नाही सुचलं?"

"तू आधी नाही सांगितलंस."

उन्हं उतरली. बाईंनी त्यांना हाताला धरून अंगणात नेलं, भुईवर बसवलं. विरून गेलेल्या फुलाशेजारी दुसरी कळी उमलली होती. मास्तर वाकले, आणखी वाकले, आणि त्यांनी श्वास भरून घेतला. वारा विसावला, सांज सावळली, आणि मास्तरांच्या नाकाच्या शेंड्यावर तांबडी माती तशीच राहिली.