जिना नसलेलं गाव

त्या गावात एकाही घराला माडी नव्हती, पण दवाखान्याच्या नोंदी पाहाव्यात तर निम्मं गाव जिन्यावरून पडलेलं. कुणाची बोटं जिन्याने कापली होती, कुणाचा खांदा जिन्याने चेचला होता. कोणत्या कामात किती माणसं जखमी होतात, हे वरचं खातं याच नोंदींवरून ठरवी. गाव जगायचं लाकूडतोडीवर, पण खात्याने लाकूडतोडीपुढे शून्य मांडलं आणि मोठ्या काळजीने एक चित्र पाठवलं : ‘जिना जपून उतरा.’ दवाखान्याच्या भिंतीवर ते शोभून दिसे.

त्या सकाळी ओंडका घरंगळला आणि एक तोडकरी त्याखाली सापडला. मुकादमाने रिवाजाप्रमाणे आधी त्याचा सदरा बदलला, केसांतला भुसा झटकला आणि मगच गाडी काढली. वाटेत त्याच्या बायकोला घेतलं.

“वहिनी, जिनाच सांगायचं हं. खरं बोललात तर तपासणी येईल, तोड बंद पडेल. सगळ्यांच्या चुली विझवायच्यात का?”

“माहितीये. मागे यांची बोटं गेली तेव्हाही मीच सांगितलं होतं.”

नवरा कण्हत म्हणाला, “दोनच पायऱ्या सांग गं. उगाच घर मोठं वाटायचं.”

एवढ्यातही तिला हसू फुटलं.

डॉक्टरांनी सुजलेला पाय पाहिला. “पोटावर काही पडलं होतं का?”

तिने मुकादमाकडे पाहिलं. “नाही हो. दोनच पायऱ्या होत्या.”

पायाला प्लॅस्टर बसलं. पोटात रक्त साचत राहिलं. दुपारी त्याने पाणी मागितलं. ती घेऊन येईपर्यंत तो थांबला नाही.

“आतल्या आत रक्तस्राव झाला,” डॉक्टर म्हणाले. “दोन पायऱ्यांनी असं होत नाही, बाई. कळलं असतं तर सकाळीच मोठ्या इस्पितळात पाठवलं असतं.”

मुकादम तिच्याजवळ सरकला. “फार वाईट झालं, वहिनी. उद्यापासून दिराला पाठवा त्याच्या जागी. कागदावर जिनाच राहू द्या.”

दीर दारात उभा होता. भावाचा भुशाने माखलेला सदरा त्याने नीट घडी करून काखेत धरला होता.

ती उठून नोंदणीच्या खिडकीशी गेली.

“सिस्टर, तो जिना खोडा. ओंडका लिहा.”

“अहो वहिनी, तोड बंद पडेल!”

“पडू दे.”

सिस्टरने जिना खोडला.

“आणि खाली लिहा, बायको खोटं बोलली.”

“त्याला रकाना नसतो, ताई.”

“मग कडेला लिहा. जागा आहे.”