शेवंती नाचत नव्हती

मित्रांनो, घोड्याच्या तोंडाला चाऱ्याची जी पिशवी अडकवतात, तिला तोबरा म्हणतात. तो मी. पान कोंबून गाल फुगवलेल्या माणसाला पाहून तुम्ही 'तोबरा भरलाय' म्हणून हसता ना, तो शब्द मूळचा आमचा. शब्द नेलात, हरकत नाही. आता माझी गोष्टही ऐका. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म शहरात, शहागंजमागच्या एका गल्लीत झाला. तिथे याह्याचाचा ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात. शेंद्रा गावचा सांडू आपल्या घोडीसाठी तोबरा शिवायला आला, तेव्हा चाचांनी आधी तिच्या तोंडाचं माप विचारलं. सांडूने हवेतच हात फाकवून दाखवला. चाचा भडकले.

"घोड्याच्या नाकाचा मामला हाय, सांडूभाई. अंदाजपंचे नाय चालत. जा, सुतळीनं मोजून आण."

सांडू गेला आणि मोजून आला. मग चाचांनी मला बाहेरून जाड कॅनव्हास लावला, आतून मऊ मांजरपाट. वारा खेळावा म्हणून दोन्ही बाजूंना भोकं पाडली. मी तयार झालो तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

सांडूच्या घोडीचं नाव शेवंती. पांढरीशुभ्र, शांत, वरातीत नवरदेवाला मिरवणारी. तिला भरवायचं काम सांडूची बायको लीलाबाई करायची. हरभरे आणि कोंडा भरण्याआधी ती मला उलटा करी, दगडावर चारदा आपटी आणि शिवणीतून बोट फिरवी. मला त्या आपटण्याचा राग यायचा. पण मग शेवंती नाक आत घालायची, तिचा ऊन श्वास माझ्या अंगाला लागायचा आणि राग कुठच्या कुठे पळायचा. पाच वर्षं अशी गेली.

दिवाळीनंतर लेकीच्या, अमृताच्या बाळंतपणासाठी लीलाबाई फर्दापूरला गेली. सांडूला चारा आणायचा कंटाळा. कारखान्यांमधल्या मोकळ्या जागांवर गवत फुकट उभं होतं, ते त्याने कापून आणलं. वाळलेलं, कुसळांनी भरलेलं गवत. मित्रांनो, कुसळ तुमच्या पायमोज्यात शिरते ना, तशीच ती कुठेही शिरते. तिला बारीक उलटे काटे असतात. ती पुढे सरकते, मागे येत नाही. सांडूने ते गवत तोडून माझ्यात कोंबलं. मला ना उलटं केलं, ना झटकलं. एक कुसळ माझ्या शिवणीत उभी राहिली. मला ती टोचत होती, पण ओरडायला मला तोंड कुठे आहे!

सकाळी शेवंतीने नेहमीसारखं नाक आत घातलं आणि एकदम मान उडवली. मी तिच्या तोंडावरून फेकला गेलो. ती शिंकली, पुन्हा शिंकली, गुडघ्यावर नाक घासू लागली.

"धूळ गेली असंल," सांडू म्हणाला.

बँडवाला गोकुळ तारीख पक्की करायला आला होता. तो म्हणाला, "माशी चावली असंल. नाय तर त्या दिवशी नवरदेवावर अत्तर मारलं, त्याचा वास बसला."

कोणीच तिच्या नाकात डोकावलं नाही. संध्याकाळी वरात होती. सांडूच्या खांद्याला अडकून मीही गेलो.

तिथे काय झालं ते नीट ऐका. कळ आली की शेवंती मान उडवी, पाय आपटी, गोल फिरे. गोकुळ पडला हुशार. त्याने ढोलाचा ताल तिच्या मानेवर धरला. ती मान उडवायची तेव्हाच ठोका पडायचा. लोकांना वाटलं, घोडी तालावर नाचते आहे. शिट्ट्या वाजल्या. शंभर मोबाइल वर झाले. "लई भारी नाचू राहिली!" एक म्हातारा तिच्या तोंडासमोर टाळ्या वाजवत होता आणि तिच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. ते व्हिडिओ गावोगाव फिरले. शेंद्र्याची नाचणारी घोडी! सांडूला उसंत मिळेना.

लीलाबाई परत आली तेव्हा शेवंतीच्या उजव्या नाकपुडीतून रक्तमिश्रित पाणी गळत होतं. ती नवऱ्याला वाट्टेल ते बोलली आणि जनावरांच्या डॉक्टर विशाखाताईंना घेऊन आली.

"बुरशीचा चारा, धूळ, फटाक्यांचा धूर, माशी, यांनीही घोडं शिंकतं," विशाखाताई म्हणाल्या. "पण मग बहुतेक दोन्ही नाकपुड्या वाहतात. हिची एकच वाहते आणि सगळं एकाएकी सुरू झालं. आत काहीतरी शिरलंय. उद्या आणा. गुंगी देऊन काढू, अर्ध्या तासाचं काम आहे."

सांडूने मान खाजवली. "मार्गशीर्ष जाऊ द्या, ताई. लोकांना तारखा देऊन बसलोय."

"तिला दुखतंय हो."

"व्हय. पण नाचती पन त्याच्यामुळंच ना."

हे त्याने चोरून नाही, हसत सांगितलं. मी खुंटीवरून ऐकलं. माझ्यावर प्रेमाने टाके घालणारे हातही माणसाचे आणि हेही माणसाचंच हसू.

मार्गशीर्ष गेला, पौष उलटला, माघातही लग्नं संपेनात. शेवटी एका दुपारी सांडू घरी नसताना लीलाबाई घोडीचा लगाम धरून दवाखान्यापर्यंत चालत गेली. अर्ध्या बोटाएवढी काळी पडलेली कुसळ निघाली, तिच्यामागे पू. पंधरा दिवसांत जखम भरली. शेवंतीने माझ्यात नाक घालून लांब श्वास सोडला, तेव्हा मला वाटलं, सुटलो आपण.

पुढच्या वरातीत शेवंती शांत चालली. नवरदेवाचे मामा आप्पासाहेब सांडूवर धावून आले. "ही घोडी हाय का म्हैस? व्हिडिओत नाचती अन् आमच्या दारात झोपती व्हय?" सगळे हसले. सांडूचा चेहरा उतरला.

दुसऱ्या वरातीच्या दिवशी त्याने स्वयंपाकघरातला लाल तिखटाचा डबा आणला. लीलाबाईने त्याचा हात धरला. "अहो, डोळ्यात कण गेला तर तुम्ही घर डोक्यावर घेता! मुकं जनावर हाय ते."

"चिमूटभर. लग्नापुरतं," म्हणत त्याने तिला ढकललं, ते तिखट माझ्या तळाशी टाकलं आणि वर हरभरे पसरले. शेवंती भुकेली होती. तिचा माझ्यावर विश्वास होता. मित्रांनो, तिने नेहमीसारखा भरपूर श्वास घेतला.

त्या दिवशी ती अशी नाचली, की लोक आजही सांगतात.

मग प्रत्येक वरातीला चिमूट पडू लागली आणि चिमूट वाढत गेली. काही दिवसांनी लीलाबाईने मला तीनदा धुऊन, उन्हात वाळवून, निव्वळ गुळात घोळवलेले हरभरे भरून समोर धरलं. शेवंतीने तोंड फिरवलं. मग लीलाबाईने पदरात हरभरे घेऊन धरले. ते शेवंतीने हुंगले आणि सोडून दिले. विशाखाताई आल्या. त्यांनी घोडीचं नाक पाहिलं आणि त्या सांडूला खूप बोलल्या. आतली कातडी भाजली होती. वासच कळेना, मग काय खायचं हे तिला कळणार कसं? नळीने पेज घातली, सुया दिल्या. भरलेल्या तोबऱ्यासमोर माझी शेवंती उपाशी उभी होती. पाचव्या दिवशी ती बसली. पुन्हा उठली नाही.

लीलाबाईने मला चुलीत घालायला उचललं होतं. सांडूने हिसकावून घेतलं. म्हणाला, चांगला आहे अजून.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मी तसं सांगणार नाही. मी कुठे दिसलो तर मला फाडून टाका. आणि वरातीत घोडी मान उडवताना दिसली तर शिट्टी मारण्याआधी तिचं नाक बघा, तिच्या धन्याला चारचौघांत विचारा. तुम्ही टाळ्या वाजवल्या नसत्या, तर त्याने डबा उघडला नसता.

काल सांडूने नवं, तरणं पांढरं घोडं आणलं. उद्या त्याची पहिली वरात आहे. आत्ता ते माझ्यातून खातं आहे. आज माझ्यात फक्त हरभरे आहेत. गोड लागताहेत त्याला. नाक पार तळापर्यंत घालून ते लांब लांब श्वास घेतं आहे.