निम्मं अंतर

हिंगोलीतल्या एका धर्मादाय दवाखान्याला रक्त साठवायचा फ्रिज हवा होता. त्यासाठी २००६च्या फेब्रुवारीत पुसेगाव ते हिंगोली दौड ठरली. पळणाऱ्याने आपल्या गावातून मदत कबूल करून घ्यायची. त्याने दौड पुरी केली की ती दवाखान्याला मिळणार. मी तेव्हा हिंगोलीत नर्सिंग शिकत होते. दिवाळीत घरी गेले तेव्हा पत्रक मीच आबांना वाचून दाखवलं.

आबा, म्हणजे माझे वडील मुंजाजी, पुसेगावला शाळेत शिपाई होते. घरी तेरा शेळ्या, वय एकावन्न.

"मी पळतो," ते म्हणाले.

धाकट्या भावाच्या वेळी आईला रक्त लागलं होतं. ते नांदेडहून येईपर्यंत आबा दवाखान्याच्या दारात उभे होते, बसले नव्हते.

चार महिने ते पहाटे पळत. आले की धारा काढायच्या, शेळ्यांना पाला टाकायचा आणि दहाला शाळेतल्या रुळाच्या तुकड्यावर ठोके द्यायचे. घंटा एकदाही चुकली नाही. "रविवारी तर दुपारीच येतेत," आई सांगायची. मी लक्ष दिलं नाही.

"मुंजाजी, कोण्या शेळीच्या मागं लागलास रे?" हळदवाले रूपसिंगकाका पारावरून ओरडायचे.

"शेळी न्हाई. फ्रिजच माझ्या मागं लागलाय."

"हिंगोलीला पळत जाऊन ये, दोन पोते हळद माझी दवाखान्याला."

"जाऊन येतो," आबा म्हणाले. सगळ्या पारानं ऐकलं.

दौडीच्या दिवशी मी हिंगोलीच्या मैदानावर दोरीपाशी उभी होते. आबा आले ते अनवाणी, कॅनव्हासचे बूट गळ्यात अडकवलेले. कुणीतरी बिल्ला लावला. "काका, झालं! बसा, केळं खा." आबांनी केळं खाल्लं, पाणी प्यायले आणि आल्या वाटेनं वळले.

"आबा, कुठं निघालात?"

"घरी."

"संपली की दौड. परतायला जीप आहे."

"संपली कशी? निम्मं झालंय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. शेळ्या राखणारा माणूस नुसतं जाणं मोजत नाही. कळप जितका लांब नेला तितकाच परत आणायचा असतो, म्हणून येण्याचं बळ राखूनच तो पुढे जातो. पत्रकातले एकवीस किलोमीटर आबांनी एका बाजूचे धरले होते. त्यांनी बेचाळीसची तयारी केली होती. आणि पत्रक वाचणारी मी होते.

"आबा, कागदावर एवढंच आहे. हळद मिळेल दवाखान्याला."

"कागदाच्या हिशेबानं मिळंल. पण मी रूपसिंगला जाऊन येतो म्हणलो व्हतो." मग थोडं हसून, "अन् शेळ्या काय जीपनं सोडू व्हय?"

मी मैत्रिणीची सायकल मागून घेतली आणि पाण्याची बाटली घेऊन मागे निघाले.

घराच्या अलीकडे अकरा किलोमीटरवर, कडुनिंबाखाली एक दगड आहे. तिथे त्यांच्या पोटरीत गोळा आला. ते बसले.

"क्यारेजवर बसा, आबा. कोणाला कळतंय?"

"ह्या लिंबाला कळंल की."

त्यांनी पटका सोडून पोटरीला आवळला, दगडावर तळहात टेकला आणि उठले. "चल माय, थोडंच राहिलंय."

अकरा किलोमीटर! तापलेल्या डांबरावर ते कळपामागच्या चालीनं, बारीक पावलं टाकत पळत राहिले. वेग वाढला नाही, मोडलाही नाही. मला पुढे जाऊन त्यांचा चेहरा बघायचा धीर झाला नाही. ज्यांना मी जन्मापासून आबा म्हणत होते, ते कोण होते ते मला त्या दोन तासांत कळलं, तेही पाठीमागून.

पारावर रूपसिंगकाका उभे राहिले. आबा थांबले नाहीत. घरी जाऊन त्यांनी आधी शेळ्या सोडल्या. हळद त्याच हंगामात पोचली.

२००९च्या मे महिन्यात आबा त्याच दवाखान्यात होते. त्या फ्रिजमधून त्यांच्यासाठी दोन पिशव्या आल्या. तिथली नर्स म्हणून मीच लावल्या. चौथ्या दिवशी ते गेले.

त्यांना घेऊन परतताना कडुनिंबापाशी मी गाडी थांबवायला सांगितली. उतरून दगडावर तळहात टेकला. दगड तापला होता.

"काय झालं?" भावानं आतून विचारलं.

"थोडंच राहिलंय," मी म्हणाले आणि पुन्हा आबांजवळ जाऊन बसले.