‘असू दे’चं बटण

त्या रविवारी चिहारु निशिदाला कंटाळा आला होता, तो कुठल्या एका गोष्टीचा नव्हता. एक्कावन्न वर्षांचं वय, आठवडाभर ऑफिस, शनिवारी धुणं, आणि आता ओसाकाहून साडेतीन तास गाडी नि वर बस करून आईचं गाव. पिशवीत केकचा डबा होता आणि एक फॉर्म. ओसाकात तिच्या घरापासून दहा मिनिटांवर एक वृद्धनिवास होता. दोन वर्षं यादीत नाव ठेवल्यावर तिथली दक्षिणेकडच्या खिडकीची खोली मिळत होती. फॉर्मवर सहीच्या जागी आईच्या नावाचा शिक्का घ्यायचा, उद्या तो नेऊन द्यायचा आणि महिनाअखेर आईचं इथलं घर बंद करायचं. उद्या फॉर्म गेला नाही तर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती.

आईचा होकार तिनं नोव्हेंबरातच घेतला होता. फोनवर विचारलं होतं, "आई, खोली मिळेलसं दिसतंय. घेऊन टाकू का?" त्यावर फुमिएबाई म्हणाल्या होत्या, "असू दे." चिहारुनं सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच दुपारी वृद्धनिवासाला कळवून टाकलं.

"आलीस? पाय टेबलाखाली शेगडीपाशी घे आधी," फुमिएबाई म्हणाल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, काटक. खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या पांघरुणात कमरेपर्यंत शिरून त्या संत्री सोलत बसल्या होत्या. उठल्या मात्र नाहीत. "केक नंतर. त्याआधी हे यंत्र बघ. हात धुऊन माझ्या मागे लागलंय."

यंत्र म्हणजे चिहारुचाच जुना लॅपटॉप. आई त्यावर गावचा पेपर वाचायची, हवामान बघायची आणि भाजीचं बी मागवायची.

"काय झालं त्याला?"

"कठडा. जिन्याचा कठडा. पेपर उघडला की कठडा. पाऊस येणार का बघायला जावं तर ढगाखाली कठडा. काल बियांच्या दुकानात गेले तर मुळ्याशेजारी कठडा. न घसरणारी चटईपण आहे त्याच्या जोडीला. पलीकडच्या ओकुमुराबाईंना माझं इतकं माहीत नाही, आणि त्या तर भिंतीला कान लावून असतात."

"तू कधी कठडा शोधला होतास का?"

फुमिएबाईंनी संत्र्याच्या फोडीवरचे दोरे काढायला घेतले. दोरे भलतेच चिवट असावेत.

चिहारुनं बियांच्या दुकानाचं पान उघडलं. खालून एक पट्टी सरकत वर आली. ‘आपली सेवा अधिक चांगली व्हावी म्हणून आम्ही कुकी वापरतो’, आणि शेजारी तळहाताएवढं हिरवं बटण. त्यावर दोन शब्द: असू दे. त्याच्या खाली, चष्मा लावूनही दिसू नये अशा करड्या अक्षरांत ‘तपशील’.

तिनं ते बटण ओळखलं. का नाही ओळखणार? ते तिनंच केलं होतं.

लोकांच्या वेबसाइटवरच्या या पट्ट्या करून देणं हाच तिच्या कंपनीचा धंदा. आधी त्या बटणावर ‘स्वीकारा’ असं होतं, आणि निम्मे लोक ते दाबत नव्हते. "जरा मऊ काहीतरी बघा," असं वरिष्ठ कादोवाकीसाहेब म्हणाले, तेव्हा चिहारुला आईच्या तोंडचा शब्द आठवला. शेजारीण मुळा घेऊन आली की आई म्हणायची "असू दे", म्हणजे मुळा घेतला. दारावर औषधवाला आला की "असू दे", म्हणजे दार लावलं. तो शब्द बटणावर चढला आणि आकडे असे वाढले की कादोवाकीसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "निशिदाबाई, कमाल केलीत. माणूस नाही म्हणायला येतो आणि हो म्हणून जातो." सगळे हसले होते. तीही हसली होती.

"आई, ही पट्टी आली की तू काय करतेस?"

"हिरवं दाबते. चांगली शिकलेय मी."

"का?"

"का म्हणजे? बिचारे काहीतरी देऊ करतात, नको म्हणायला नको का? नुसतंच बंद करणं बरं दिसत नाही. म्हणून ‘असू दे’ म्हणते. शंभरदा म्हणाले असेन. यांना ऐकूच येत नाही."

चिहारुला लाज वाटली. अशी लाज, की गरम शेगडीपाशी पाय असूनही अंगावर काटा आला. तिनं सावकाश सांगायला घेतलं. प्रत्येक साइट आपल्या यंत्रात एक छोटी चिठ्ठी ठेवते, तीच कुकी. पुढच्या वेळी ती चिठ्ठी वाचून साइट आपल्याला ओळखते. यातल्या काही चिठ्ठ्या कामाच्या असतात. त्या आहेत म्हणून पेपर तुला रोज नाव विचारत नाही. काही मात्र त्या दुकानाच्या नसतातच, जाहिरातवाल्यांच्या असतात. त्यांची माणसं सगळ्या दुकानांत बसलेली. इथे कठडा बघितलास की तिथे त्यांना कळतं.

"म्हणजे मी नको म्हणाले ते त्यांनी हो धरलं."

"हो."

"कुणी केलं हे असलं बटण?"

"मी," चिहारु म्हणाली.

फुमिएबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग एक फोड तिच्यापुढे सरकवली. "दमलेली दिसतेस," एवढंच म्हणाल्या.

चिहारुनं ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन परक्यांच्या चिठ्ठ्या बंद केल्या, साठलेल्या पुसल्या. "आता पेपरवाला एकदा तुझं नाव विचारेल, तेवढं सांग. नवी साइट आली की हे करडं ‘तपशील’ दाब. तिथे ‘सर्व नाकारा’ असतं, ‘फक्त आवश्यक’ असतं. हिरव्याच्या नादी लागू नकोस. बघू करून."

फुमिएबाईंनी चष्मा नाकावर चढवला. हवामानाच्या पानावर पट्टी आली. त्यांचं बोट बराच वेळ हवेत राहिलं. मग त्यांनी दाबलं: सर्व नाकारा. पट्टी गेली, ढग तसेच राहिले.

"रागावले नाहीत," फुमिएबाई म्हणाल्या.

"नाही रागवत."

"अठ्ठ्याहत्तर वर्षं फुकट घालवली मी." त्यांनी पेपरवर नाकारलं, बियांवर नाकारलं, आणि ज्या साइटवर काही काम नव्हतं अशा दोन आणखी उघडून तिथेही नाकारलं.

त्यांची मजा चाललीय असं पाहून चिहारुनं फॉर्म काढला. शिक्क्याची डबी कुठं असते ते तिला ठाऊक होतं. तिनं डबी आणि शाईची गादी आणून समोर ठेवली. "आई, इथे एक शिक्का. मी चारची बस धरते."

फुमिएबाईंनी फॉर्म वरून खाली वाचला. उलटून मागची बाजू बघितली. पुन्हा सुलटा केला.

"यात ‘तपशील’ कुठाय?"

"काय?"

"नाकारायचं कुठं असतं ते शोधतेय. इथे शिक्क्याची एकच चौकट आहे. हिरवी."

चौकट खरंच हिरवी होती. "पण तू फोनवर ‘असू दे’ म्हणालीस."

"म्हणाले की."

"मला ते हो वाटलं."

"तुला हो हवं होतं, बाळा."

दोन वर्षं यादीत काढली, सुट्ट्या घालवल्या, आणि विचारलं मात्र एकदाच, तेही घाईत. तिला राग आला, आईचा कमी, स्वतःचा जास्त. मग तिला कठडा आठवला, ती चटई आठवली, आपण आलो तरी आई उठली नव्हती ते आठवलं.

"कधी पडलीस?"

फुमिएबाईंनी डबीतला शिक्का काढून उगाच हातात फिरवला.

"आई, कधी?"

"डिसेंबरात. शेवटच्या दोन पायऱ्या. नुसता मुका मार. तुला सांगितलं असतं तर तू ट्रक घेऊनच आली असतीस." त्यांनी शिक्का डबीत ठेवला आणि झाकण लावलं. "कठडा मागवलाय मी. मंगळवारी बसवायला येणारेत. मला इथंच राहायचंय, चिहारु. ती खोली नको."

आईच्या तोंडून ‘नको’ हा शब्द सरळ आलेला चिहारुनं जन्मात ऐकला नव्हता. तो ऐकून इतकं दुखेल असं तिला वाटलं नव्हतं.

"आता तर जाहिराती पण बंद केल्या मी," ती म्हणाली. "पुन्हा पडलीस तर मला कळणार कसं?"

"मी सांगेन."

"सगळं?"

फुमिएबाईंनी जरा विचार केला. "फक्त आवश्यक."

चिहारुनं फॉर्मची घडी घालून पिशवीत टाकली. उद्या खोली दुसऱ्या कुणाची होणार होती. तिला रडू येईलसं वाटलं, पण त्यालाही जोर लागतो. चारची बस केव्हाच चुकली होती. फुमिएबाई टेबलाचा आधार घेत हळूहळू उठल्या. तिनं हात पुढे केला नाही, नुसती बघत राहिली. ओट्याकडून आवाज आला, "ओकुमुराबाईंनी मुळे दिलेत. दोन बांधून देऊ? की राहतेस आज? चुलीवर रस्सा ठेवते."

"असू दे," चिहारु म्हणाली.

पावलं थांबली. फुमिएबाई दारातून डोकावल्या.

"म्हणजे हो की नको?"